जुनं पिस्तूल आणि 45 दिवसांचा हिशोब : माझा अनुभव

ज्या ओळखीच्या काकांकडून मी जुनं पिस्तूल घेतलं, त्यांच्या विक्रीच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का नव्हता. सुरुवात इथूनच करते, कारण त्या एका शिक्क्यापायी माझे आठ महिने गेले आणि अजूनही विषय निघाला की डोकं तापतं. परवान्यावर कुणाचं तरी जुनं पिस्तूल घ्यायचा विचार असेल, तर बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. विकणाऱ्याच्या अर्जाची पोच हवी, आणि त्या पोचेवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक हे तिन्ही हवेत.

पुण्याच्या मार्केट यार्डात आमचा गूळ आणि शेंगदाण्याचा गाळा आहे. सासरे गेल्यापासून हिशोब आणि रोकड माझ्याकडे. सणासुदीच्या दिवसांत रात्री उशिरा रोकड घेऊन घरी यावं लागतं. दोनदा मोटरसायकलवरून पाठलाग झाला, दुसऱ्यांदा तर थेट सोसायटीच्या गेटपर्यंत. त्यानंतर परवान्यासाठी अर्ज केला. ऑनलाइन अर्ज, चारित्र्य पडताळणी, मुलाखत, एस-1 नमुन्यातलं सुरक्षित वापराच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात हत्यार कुलपात ठेवण्याचं हमीपत्र. हे सगळं वेळेत झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

परवाना हातात आल्यावर खरा प्रश्न पडला, घ्यायचं काय? 9 मिमी आपल्याला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं. सामान्य परवानाधारकाला पिस्तूल म्हणजे बहुतेक वेळा .32 (हे नळीचं माप, इंचात). नव्यात माझ्या डोळ्यासमोर होतं सरकारी कारखान्याचं, इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’. ह्यांचं म्हणणं होतं, नवं घे, बिल घे, विषय संपव. माझंही जवळजवळ ठरलं होतं. पण प्रशिक्षणाच्या वेळी एका छोट्या .32 ने माझा तळहात सोलवटला होता. मूठ आखूड असल्यामुळे करंगळी खाली लोंबकळायची, आणि प्रत्येक राउंडनंतर पकड नव्याने बसवावी लागायची. माझे हात मोठे आहेत. तिथल्या शिक्षकांनी सांगितलं, ‘ताई, तुम्हाला जरा मोठ्या चणीचं बघा. वजन जास्त असलं की धक्का कमी बसतो, आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर जास्त असलं की नेम धरायला सोपं जातं.’

मग ओळखीतून काकांचा निरोप आला. ते दुसऱ्या जिल्ह्यात राहतात, वय 81. त्यांच्याकडे जर्मन बनावटीचं वॉल्थर पीपी होतं, 1979 साली मुंबईच्या दुकानातून घेतलेलं, मूळ बिलासकट. पीपी हे मॉडेल 1929 सालचं. त्याचंच आखूड भावंड पीपीके, ते दोन वर्षांनी निघालं. पीपीची नळी 98 मिलिमीटरची, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, 8 काडतुसं. आजच्या परदेशी लष्करी पिस्तुलांपुढे ते लहानच म्हणायचं, पण .32 मध्ये ज्याला आपल्याकडे फुल साइज म्हणतात ते हेच. काकांची दोन्ही मुलं परदेशात, आणि दोघांनाही ते नको होतं. मी मूठ हातात घेतली तेव्हा करंगळी बरोबर जागेवर बसली. माझा निर्णय खरं तर तिथेच अर्धा झाला.

उरलेला अर्धा मॅगझिनवर अडला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला पिस्तूल आयात करता येत नाही. त्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलांच्या किमती लाखांत गेल्या आहेत, आणि सुटे भाग तर मिळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. नळी चांगली असली आणि मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असले तर काडतूस अडकतं. मग एवढे पैसे कशाचे दिले? काकांकडे दोन मॅगझिन होती. लष्कर भागातल्या एका परवानाधारक कारागिराकडे काका स्वतः पिस्तूल घेऊन आले. त्यांचा परवाना राज्यभर चालणारा होता, म्हणून ते आणता आलं. नसेल तर असलं धाडस करू नका, आधी परवान्यावरची हद्द वाचा. कारागिराने पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि मग सगळं उलगडून टेबलावर मांडलं. नळीतले आटे स्वच्छ होते, कुठे खड्डे नव्हते. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, तडा नव्हता. स्लाइडवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच होता, आणि तोच काकांच्या परवान्यावर होता. नंबर जुळत नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. सेफ्टीचा खटका खाली ओढला की हॅमर (घोडा) सुखरूप खाली येतो ना, हे त्याने रिकाम्या पिस्तुलावर पुन्हापुन्हा करून पाहिलं. झिजलेल्या जुन्या पीपीत तिथे धोका असतो, असं तो म्हणाला. स्लाइड परत जागेवर आणणारी रिकॉइल स्प्रिंग थकलेली होती. एका मॅगझिनचा ओठ जरासा वाकला होता, दुसरं मात्र अगदी नव्यासारखं. ‘एक चांगलं आहे म्हणून घ्या म्हणतो,’ कारागीर म्हणाला, ‘दोन्ही वाकडी असती तर नका घेऊ म्हटलं असतं.’ मी घ्यायचं ठरवलं. स्प्रिंगचे पैसे किमतीतून वळते झाले.

आता त्या अर्जाकडे येते.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःच्या वापराचं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारींना लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि कळवल्यापासून किमान 45 दिवस थांबायचं. काकांनी सोमवार, 29 जानेवारी 2024 ला अर्ज दिला. मी बरोबर नव्हते. माझी चूक म्हणायची तर एवढीच. कार्यालयातल्या माणसाने अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, ‘साहेबांची सही झाली की पोच देतो.’ काका सरळ माणूस. 81 वर्षांच्या माणसाने पोचेसाठी भांडायचं तरी किती? ते घरी आले.

29 जानेवारीपासून 45 दिवस म्हणजे 14 मार्च. मी कॅलेंडरवर लाल खूण केली होती. 12 मार्चला काकांनी चौकशी केली, तर उत्तर आलं, ‘तुमचा अर्ज 21 फेब्रुवारीचा आहे.’ कारण विचारलं तर म्हणे अर्ज टेबलावर आला तो त्या दिवशी. बारनिशीच्या, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदीच्या, रजिस्टरात 29 जानेवारीला नोंदच नव्हती. एवढे दिवस कागद कुठल्या तरी ट्रेमध्ये पडून होता. आणि 21 फेब्रुवारीपासून मोजले की 45 दिवस जातात 6 एप्रिलपर्यंत.

13 तारखेला मी पहाटेची गाडी पकडून तिथे गेले. सोबत कायद्याची छापील प्रत, कलम 5 वर खूण केलेली. समोरच्या कारकुनाने प्रतीकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, आधी ना हरकत येऊ द्या.’ मी म्हटलं, ‘कलमात ना हरकत कुठे आहे ते दाखवा. कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं, एवढंच आहे.’ त्याचं पालुपद एकच, ‘आमच्याकडे पद्धत आहे.’ काकांना बसायला खुर्ची नव्हती. ते दाराच्या चौकटीला टेकून दोन तास उभे होते. शेवटी मी आत जाऊन अधिकाऱ्यांना भेटले. ते सौजन्याने बोलले, रजिस्टर मागवलं, उघडून पाहिलं आणि म्हणाले, ‘नोंद 21 ची आहे, मी 29 ची कशी लिहू?’ त्यांचंही बरोबरच होतं. आमच्या हातात पोच असती तर प्रश्नच आला नसता.

शनिवारी, 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. पुढच्या आठवड्यात काकांना हत्यार जमा करण्याची नोटीस आली आणि पिस्तूल ठाण्यात गेलं. एक दिवस आधी, 15 ला व्यवहार होऊ शकला असता. तो शुक्रवार मी अजून विसरलेले नाही.

जमा करताना मात्र मी काकांना फोनवर धरून होते. पावतीवर नंबर, दोन मॅगझिनचा वेगळा उल्लेख, पिस्तुलाची अवस्था, सगळं लिहून घ्यायला लावलं. हे तुम्हीही करा. नुसतं ‘एक पिस्तूल’ असं लिहिलेली पावती घेऊ नका, आमचं तर सगळं त्या एका मॅगझिनवरच अवलंबून होतं.

6 जूनला आचारसंहिता उठली. हत्यार लगेच परत मिळेल असं वाटलं होतं, पण ठाण्यात जमा वस्तू सांभाळणारा मुद्देमाल कारकून रजेवर, मग पालख्यांचा बंदोबस्त. वारीच्या बंदोबस्ताबद्दल मी बोलणार नाही, पोलिसांचे हाल मी दरवर्षी बघते. पिस्तूल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात काकांच्या हाती आलं, आणि तेव्हा नवीन ऐकलं, ‘मध्ये हत्यार जमा होतं, त्यामुळे जुना अर्ज धरता येणार नाही. नवीन द्या.’ हे कुठे लिहिलंय, मी विचारलं. कुणीही दाखवलं नाही. काकू फोनवर म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, तू नवंच घे, ह्यांना आता चकरा झेपत नाहीत.’ त्या रात्री मी खरंच इशापूरच्या पिस्तुलाचा विचार केला. माझ्या परवान्यावरची खरेदीची मुदतही डोक्यात होती. परवान्यावर ती तारीख असते, ती संपत आली असेल तर आधी मुदतवाढीचा अर्ज टाका, मग भांडा.

सोमवारी, 22 जुलैला काकांना गाडीतून मीच घेऊन गेले. अर्जाच्या तीन प्रती. एक ठाण्यात, एक जिल्हा कार्यालयात, तिसऱ्या प्रतीवर दोन्हीकडचे शिक्के. जिल्हा कार्यालयातल्या बारनिशीतल्या मुलीने अर्ज घेतला, क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि प्रत परत दिली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. मी तिचे आभार मानले आणि बाहेर येऊन काकांसमोर रडले. जानेवारीत हीच पाच मिनिटं मिळाली असती तर!

5 सप्टेंबरला 45 दिवस भरले. गणपतीत कुणाला त्रास द्यायचा नाही असं आम्हीच ठरवलं. विसर्जन झाल्यावर विक्रीचा कागद झाला. 30 सप्टेंबरला इथे पुण्यात पिस्तूल दाखवून माझ्या परवान्यावर नंबर चढला आणि काकांच्या परवान्यावरून कमी झाला. दोन आठवड्यांनी, 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पुन्हा तेच चक्र.

एक राहिलं. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात, आणि जुन्या हत्यारासोबत मालकाची जुनी काडतुसं उरलेली असतात. ती काकांनी ‘राहू देत तुम्हालाच’ म्हणून पुढे केली होती. बुडावर केएफ अशी अक्षरं होती, म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या खडकीची. मी ती घेतली नाहीत. तीही कागदावर चढवावी लागतात, शिवाय किती जुनी आहेत ते कळत नव्हतं. काकांनी ती रीतसर जमा केली आणि त्याची पावती घेतली. ह्या वेळी शिक्का त्यांनी स्वतः मागून घेतला.

निघताना काकांनी 1979 चं बिल एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं आणि म्हणाले, ‘हे हत्याराबरोबर ठेव, वेगळं ठेवू नकोस.’ आता ते तिजोरीत आहे. शिक्के मारलेली 22 जुलैची प्रतही त्याच पाकिटात ठेवली आहे.