बुडबुड्यात काय असतं?

पाणी खळखळ उकळायला लागलं आणि मी चौथीच्या मुलांना विचारलं, या बुडबुड्यात काय आहे? अख्खा वर्ग ओरडला, "हवा!" चूक म्हणवत नाही, कारण मुलांनी आजवर फुगवलेत ते साबणाचे फुगे आणि त्यात हवाच असते, शिवाय पाणी तापायला लागल्यावर भांड्याच्या कडेला जे बारीक बारीक बुडबुडे येतात ती खरंच पाण्यात विरघळलेली हवा असते. पण नंतरचे ते मोठे बुडबुडे म्हणजे पाण्याची वाफ. हे नुसतं सांगितलं तर मुलं पाठ करतात आणि पुढच्या आठवड्यात परत हवा.

म्हणून मी फेटची 'पदार्थाच्या अवस्था'वाली सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर करून बघायचा प्रयोग, वापरते. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला, सगळं फुकट आहे आणि बरंच काही मराठीतही आहे. डब्यात पाण्याचे रेणू दिसतात, खाली गरम-थंड करायचा स्लायडर, बाजूला थर्मामीटर. पहिल्या वर्षी मी सरळ कॉम्प्युटर मुलांच्या हातात दिले आणि अर्धा तास सगळ्यांनी फक्त तापवून तापवून डब्याचं झाकण उडवलं! मजा खूप आली, पण बुडबुड्यात हवाच राहिली.

आता आधी वही. डोळ्यांना एकदम बारीक दिसायला लागलं तर बर्फात, पाण्यात, बुडबुड्यात काय दिसेल ते काढा, मगच माउसला हात लावायचा. याने इतका फरक पडतो की काय सांगू, कारण मग प्रत्येक मूल स्वतःचं चित्र बरोबर आहे का ते शोधत असतं. बर्फातले रेणू जागच्या जागी थरथरतात हे बघून तर मुलं अवाक् होतात, बहुतेकांनी ते गप्प बसलेले काढलेले असतात.

मग मी विचारते, स्क्रीनवर रेणूंच्या या गोळ्यांच्या मधल्या काळ्या जागेत काय आहे? परत "हवा!" बरं, हवा पण कणांचीच ना, मग हवेच्या कणांच्या मध्ये काय? वर्ग एकदम शांत होतो. मला ही शांतता फार आवडते, मी घाईने उत्तर देत नाही.

एक मात्र सांभाळावं लागतं. स्क्रीनवरचं चित्र मुलं जसंच्या तसं खरं धरतात. एकाने वहीत लिहिलं, ऑक्सिजन लाल असतो. तेव्हापासून मी रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांची गोष्ट सांगते, 1865 मध्ये लंडनला व्याख्यान देताना त्यांनी क्रोके खेळाचे रंगीत चेंडू काड्यांना जोडून रेणू दाखवले होते, त्यातही ऑक्सिजन लाल आणि हायड्रोजन पांढरा, म्हणजे हा रंग आपण ओळखायला दिलेला, अणूचा नाही. आणि स्क्रीनवर मोजता येतील एवढेच रेणू, खऱ्या एका थेंबात मात्र 1 वर 21 शून्य, त्याहूनही जास्त.

शेवटी परत खऱ्या भांड्याकडे. वाफेवर थंड ताटली धरली (हे मीच करते, वाफेने भाजतं), तिच्यावर थेंब जमले. बुडबुड्यातून नुसती हवा आली असती तर हे पाणी कुठून आलं? लगेच दोघं-तिघं कॉम्प्युटरकडे पळाले, स्लायडर थंडकडे ओढला, आणि लांब लांब उडणारे रेणू एकमेकांना चिकटून खाली बसताना बघितले. एका मुलीने वही उघडून जुन्या बुडबुड्यातला 'हवा' शब्द खोडला आणि आत चार रेणू काढले, एकमेकांपासून खूप लांब. "मध्ये काही लिहू का?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नको, मध्ये काहीच नाहीये."