तुम्ही विचारलंत म्हणून: रीस्टार्ट होताना मी उठत का नाही

"अपडेट आपोआप होतं ना? मग तुम्ही तिथे राखण करत का बसता?" गोव्यात, डिचोलीतल्या माझ्या डीटीपीच्या खोलीत येणारे बहुतेक जण हे विचारतात. पाव विकणाऱ्या पदेराचा हॉर्न वाजला तरी मी खुर्ची सोडत नाही, हे खरं आहे.

माझ्या एकाच मशीनवर उबुंटू आणि विंडोज, दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम नांदतात. रोजचं काम उबुंटूवर. पण नाटकांची हँडबिलं, आरत्यांच्या पुस्तिका अशा जुन्या फाइली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत अडकल्यात, त्यांच्यासाठी विंडोज. मशीन चालू झालं की आधी ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू येतो. तो माझ्याकडे 10 सेकंद थांबतो; कोणी काही निवडलं नाही तर पहिल्या नावावर, म्हणजे उबुंटूत शिरतो. गोची इथेच आहे. विंडोजचं मोठं अपडेट एका रीस्टार्टात संपत नाही, मध्ये दोन-तीनदा उठबस होते. ग्रबला त्याचा पत्ताच नसतो.

गणेश चवथीच्या तोंडावर अपडेट लावून मी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेलो. परत येतो तर समोर उबुंटूचा लॉगिन. झालं असेल, म्हणून दुसऱ्या कामाला लागलो. संध्याकाळी पुस्तिका न्यायला माणूस दारात, स्कूटर चालूच, आणि विंडोज उघडतो तर "30 टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका". मग विंडोजने स्वतःच रीस्टार्ट घेतला. मी त्या माणसाला पाणी द्यायला उठलो, तेवढ्यात पुन्हा उबुंटू!

त्या रात्री ग्रबच्या सेटिंग फाइलीत डिफॉल्टपुढचं शून्य खोडून 'सेव्ह्ड' लिहिलं, 'सेव्हडिफॉल्ट' ट्रू केलं आणि 'अपडेट-ग्रब' चालवलं. आता मागच्या वेळी निवडलेली सिस्टीमच पुन्हा उघडते. विंडोजने मारायच्या तेवढ्या उड्या माराव्यात. उबुंटू मुळातच समंजस. नवं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आलं तरी रीस्टार्ट करेपर्यंत जुनंच चालत राहतं, आणि नवं बिनसलं तर जुनं मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली सापडतं.

मग अजून राखण कसली? लायटीची. परवा पावसात अपडेट 72 टक्क्यांवर असताना गेली. इन्व्हर्टरने धरलं, पण त्याची बॅटरी म्हातारी. मी उठून पंखा तेवढा बंद केला आणि घाम पुसत बसून राहिलो.