कुकडीच्या काठाने: नाणेघाट ते निघोज

कुकडी ही घोडची उपनदी, घोड भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. त्यामुळे मोठ्या नकाशावर तिचे नाव शोधावेच लागते. निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीने खडकात कोरलेले रांजणाच्या आकाराचे खड्डे, पाहायला येणारे बहुतेक जण थेट तिथेच पोहोचतात आणि तासाभरात परत फिरतात. आम्ही मात्र उगमाकडून खाली आलो, आणि पुढे जाणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा असे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण निघोजचा खडक ज्या पाण्याने कोरला, ते मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यावर पडते.

नाणेघाटात हे स्पष्ट दिसते. कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो, तर पूर्वेकडे वाहिलेले पाणी कुकडीच्या वाटेने अखेर बंगालच्या उपसागराकडे जाते. घाटातली लेणी आणि सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख पाहून चावंड किल्ल्याच्या परिसरातल्या पूर गावी यावे. तिथे कुकडेश्वराचे जुने, कोरीव दगडी मंदिर आहे आणि कुकडीचा उगम तिथलाच मानला जातो.

पुढे माणिकडोह धरणात नदीचा जलाशय होतो. जुन्नर ओलांडल्यावर येडगावचे धरण लागते. माळशेजकडून येणारी पुष्पावतीही याच भागात कुकडीला मिळते. येडगावहून निघणारा डावा कालवा पार कर्जत-करमाळ्याच्या दिशेने जातो, म्हणून येथून खाली नदीच्या पात्रात किती पाणी राहील हे पावसाइतकेच धरणांच्या विसर्गावर अवलंबून असते. हा मधला टप्पा गाडीने लवकर उरकला तरी चालेल.

निघोजला मात्र वेळ राखून ठेवावा. येथे नदी ही जिल्ह्यांची सीमा आहे: एका तीरावर पारनेर तालुक्यातले निघोज, समोर शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, आणि दोन्ही काठांवर मळगंगेची मंदिरे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टमध्ये नदीने अरुंद घळ कापली आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकातल्या लहान खाचेत गरगर फिरत राहतात, तळ आणि भिंती घासत जातात, आणि खाचेचा रांजण होतो. एका कोरड्या खळग्यात वाकून पाहिले, तर तळाशी मुठीएवढे गुळगुळीत गोटे पडलेले होते आणि आतली भिंत हाताला घोटीव लागत होती. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून त्यांचा एकच मोठा खड्डा झालेला दिसला. घळ रुंदावते ती याच रीतीने, हे तिथे उभे राहिल्यावरच नीट कळते.

उगमाचा भाग पावसाळ्यानंतर लगेच सुंदर असतो, पण खळगे पाहायचे तर पात्र उघडे पडेपर्यंत, म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यापर्यंत, थांबावे. दुपारी काळा खडक फार तापतो, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे आणि तळव्याला पकड असलेले बूट घालावेत. खळग्यांच्या कडा झिजून गोलसर झाल्या आहेत व शेवाळ धरले की पाय ठरत नाही, तेव्हा मुलांना कडेपासून दूर ठेवावे आणि कुंडात पोहायला मुळीच उतरू नये. निघोज पर्जन्यछायेत आहे. तिथे आभाळ निरभ्र असतानाही वरच्या पावसाने किंवा धरणातून सोडलेल्या पाण्याने पात्र भरू शकते. पात्रात उतरण्यापूर्वी वरून पाणी सोडले आहे का, हे गावात विचारून घ्यावे, आणि प्रवाह वाढताना किंवा गढूळ होताना दिसला तर सामान आवरत न बसता काठ गाठावा.