नोव्हेंबरातलं स्वस्त बेट

काकांनी आलेखाच्या कागदाची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, राहायचं बुकिंग झालंय. तुम्ही फक्त तिथलं फिरणं आखून द्या."

बेट होतं थायलंडमधलं कोह सामुई. अकरा माणसं, तीन पिढ्या, नोव्हेंबरचा मधला काळ. सगळ्यांच्या रजा जुळल्या त्या एवढ्याच दिवसांत, त्यामुळे तारखा हलण्यातल्या नव्हत्या. बँकॉकपर्यंतची विमानाची तिकिटं काढून झालेली, तीही परतावा न मिळणारी. रिसॉर्टवर मात्र काका खूश होते. दर जवळपास निम्मे, खोल्या हव्या तितक्या मोकळ्या, गर्दीचं नाव नाही. "आणि थायलंडचा सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, हे तर सगळीकडे लिहिलेलंच आहे."

त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. पण सीझन सुरू होत असताना खोल्या निम्म्या दरात आणि हव्या तितक्या का मिळतायत, एवढं एक विचारायचं राहिलं होतं.

बेटांच्या सहली आखण्याच्या कामात पाऊस, वारा आणि गर्दी यांची सांगड घालणं हाच निम्मा उद्योग असतो. पण समोरचा माणूस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर पर्जन्यमापकाचे आकडे तपासलेल्या माणसाला पावसाबद्दल सांगायचं म्हणजे जरा जपूनच. मी वही मागितली. अक्षर सुरेख, महिन्यांचे रकाने आखलेले. पावसाचे आकडे दोन ठिकाणचे होते, बँकॉक आणि फुकेत. दोन्हीकडे ऑक्टोबरनंतर उतार दिसत होता. सामुईचा रकानाच नव्हता.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सामुईचा नोव्हेंबर म्हणजे सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथला वर्षातला सगळ्यात ओला महिना. फुकेतचा त्याच महिन्यातला पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी. काकांनी चष्मा वर सरकवला, आकडा वहीत उतरवला, आणि मग वाद घालायला बसले.

"पाचशे हा नुसता आकडा झाला. किती तासांत पडतो ते सांगा. आणि पावसाचा दिवस म्हणजे तुमच्या तक्त्यात किती?"

प्रश्न बिनतोड होता. भारतीय हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर 'पावसाचा दिवस' मानतं. बऱ्याच आंतरराष्ट्रीय तक्त्यांत हीच मर्यादा १ मिलिमीटर असते. म्हणजे महिन्यात अठरा पावसाचे दिवस हे वाचून घाबरायचं की नाही, ते मोजणाऱ्याच्या पट्टीवर ठरतं. उष्ण कटिबंधात पुष्कळदा सकाळ लख्ख असते, दुपारनंतर तास-दीड तास आभाळ फाटतं आणि संध्याकाळी पुन्हा लोक वाळूत बसलेले असतात. अशा पावसाला भिऊन सहल रद्द करणाऱ्यांना मी स्वतः परावृत्त करते. सामुईच्या नोव्हेंबरची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण चीन समुद्राकडून कमी दाबाचे पट्टे सरकत येतात आणि एकदा आले की दोन-तीन दिवस सलग मुक्काम ठोकतात. समुद्र खवळतो, बोटी थांबतात. अकरा माणसं, त्यांत तीन लहान मुलं, आणि दारं लावून बसायच्या खोल्या.

"पण फुकेत तर शेजारीच आहे," काका नकाशावर बोट ठेवून म्हणाले.

सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर. मग मी वाऱ्याचा नकाशा उघडला, आणि तिथून आमची बैठक रंगली. थायलंडचा दक्षिण भाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, मधून डोंगरांचा कणा. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचे वारे अंदमान समुद्रावरून येतात आणि पश्चिम किनारा, म्हणजे फुकेत, क्राबी, खाओ लाक, झोडपून काढतात. ऑक्टोबरच्या सुमाराला वारा फिरतो. मग ईशान्येचे वारे थायलंडच्या आखातातल्या उबदार पाण्यावरून बाष्प उचलतात आणि पूर्वेकडच्या सामुई, फांगान, ताओ या बेटांवर रिकामं करतात. पश्चिम किनारा तेव्हा डोंगराच्या आडोशाला असतो. देश एक, महिना एक, आणि ऋतू दोन.

"म्हणजे पर्जन्यछाया," काका म्हणाले. हे एवढं साधं आपल्याला आधी का सुचलं नाही, याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मग त्यांनीच भराभर उदाहरणं मागायला सुरुवात केली. श्रीलंकेचं तसंच: डिसेंबर ते मार्च दक्षिण-पश्चिम किनारा, मे ते सप्टेंबर पूर्वेकडचे त्रिंकोमाली आणि अरुगम बे. मलेशियातलं लंकावी डिसेंबर-जानेवारीत कोरडं, तर पूर्वेकडच्या पेरेंतियन बेटांवरचे बहुतेक रिसॉर्ट तेव्हा कुलूपबंद.

इथे थोडं विषयांतर, कारण हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. कोरडा ऋतू म्हणजे शांत समुद्र नव्हे. बालीचे जुलै-ऑगस्ट कोरडे, हवा सुरेख, पण त्याच दिवसांत आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि शेजारच्या नुसा पेनिदा बेटाला जाणाऱ्या स्पीडबोटी अशा उसळतात की फोटोंसाठी गेलेली माणसं बादली धरून परत येतात. तळाचं गार पाणीही त्याच काळात वर येतं. अंगावर ऊन आणि पाण्यात कुडकुडणं, दोन्ही एकाच दुपारी. पावसाच्या तक्त्यात यातलं काही दिसत नाही, म्हणून मी आधी वारा बघते, मग लाटांची उंची, आणि पाऊस शेवटी.

तेवढ्यात काकांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. त्याला सामुई-फुकेतशी देणंघेणं नव्हतं. त्याला माया बे हवी होती, फी फी बेटांवरची ती कड्यांनी वेढलेली खाडी, आणि त्या हिरव्या पाण्यात मुलांना पोहायला सोडायचं होतं. त्याला सांगावं लागलं की ते आता जमत नाही. पर्यटकांच्या लोंढ्याने प्रवाळांची वाताहत झाली म्हणून ती खाडी २०१८ साली बंद केली आणि २०२२ च्या जानेवारीत नियम लावून उघडली. बोटी आता मागच्या बाजूला लागतात, पाण्यात गुडघ्यापर्यंतच जायचं, पोहायला बंदी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी विश्रांती. मुलगा हिरमुसला. मला विचाराल तर थायलंडने केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम आहे, पण ते तेव्हा बोलायची वेळ नव्हती.

वेळ खरंच नव्हती. रिसॉर्टचं बुकिंग विनाशुल्क रद्द करायची मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती, आणि ती तिकडच्या घड्याळाप्रमाणे, जे आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे आमच्या हातात साडेदहापर्यंतचा वेळ. बँकॉकहून पुढचं विमान अजून काढलेलं नव्हतं, हे नशीब. पश्चिमेकडे जायचं एवढं ठरलं, पण नेमकं कुठे? फुकेतला सोय भरपूर, पण माणसांचा गजबजाट काकांना नको. फी फीला बोटीशिवाय पर्याय नाही. एवढा वेळ शांत बसलेल्या काकूंनी तिथे तोंड उघडलं.

"मला बोटीत मळमळतं हे कुणी लिहून घेतलंय का?"

कुणीच घेतलं नव्हतं. त्या एका वाक्याने निम्मा नकाशा पुसला गेला. उरलं कोह लांता. क्राबी विमानतळावरून गाडीने जायचं, मध्ये आडोशाच्या पाण्यात छोटीशी कार फेरी, मग पूल. काकूंना गाडीतून उतरायचीही गरज नाही. लांब वाळूचा किनारा, उथळ पाणी, मुलांना सोयीचं.

आता काकांचा शेवटचा अडसर होता, दर. लांताचा रिसॉर्ट सामुईपेक्षा महाग पडत होता. मी त्यांना माझं दुसरं कॅलेंडर दाखवलं. त्यात हवामान नाहीच, नुसत्या सुट्ट्या आहेत. चीनमधला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला सुट्टीचा सप्ताह, चिनी नववर्ष, युरोपातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी (जर्मनीत ती राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना असते, त्यामुळे गर्दी पसरते), नाताळ ते नववर्ष, एप्रिलमधलं सोंक्रान, म्हणजे थाई नववर्ष. पश्चिम किनाऱ्यावर खरी रेटारेटी डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते. नोव्हेंबरच्या मध्यात पाऊस ओसरू लागलेला असतो, मेच्या मध्यापासून बंद असलेलं सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान ऑक्टोबरच्या मध्यात उघडलेलं असतं, आणि माणसं अजून यायची असतात. दराचा फरक त्या फटीसाठी मोजायचा. फक्त पौर्णिमा टाळून बोटीची सहल ठेवा म्हटलं, कारण कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला तिथे लॉय क्राथाँग हा सण असतो आणि स्थानिक लोकही बाहेर पडतात.

नवं बुकिंग पक्कं झाल्याची मेल आल्यावर काका स्वतःच्या फोनवरून जुनं रद्द करू लागले. संकेतस्थळाने कारण विचारलं. 'तारखा बदलल्या', 'दुसरीकडे स्वस्त मिळालं', वगैरे पर्याय. त्यांनी 'इतर' निवडलं आणि मोकळ्या चौकटीत इंग्रजीत ईशान्य मोसमी वारे असं टाइप केलं. साडेदहाला बराच अवकाश होता, पण त्यांची बोटं घाईत होती.

नोव्हेंबरात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे पावसाचा धबधबा ऐकू येत होता.

"मॅडम, इथे दोन तास धो धो पडतोय. आणि सामुईच्या किनाऱ्यावरचा कॅमेरा मी आत्ता बघतोय. कडक ऊन!"

मी म्हटलं, असणारच एखादा दिवस. सरासरीत उन्हाचे दिवसही मोजलेले असतात.

"ते मला शिकवू नका," ते हसून म्हणाले. "सूनबाईंना शिकवा, त्या माझ्याकडे बघतायत."

दुसऱ्या सकाळी आभाळ निवळल्याचा निरोप आला. परत आल्यावर त्यांनी मला रोजचा तक्ता पाठवला: पाऊस किती वाजता सुरू, किती वाजता थांबला, समुद्र कसा, किनाऱ्यावर माणसं किती, आणि शेवटच्या रकान्यात कोणाची तक्रार. शेवटचा रकाना सगळ्यात भरलेला होता. बहुतेक तक्रारी मुलाच्या, माया बेवरून. काकूंच्या नावापुढे एकही नाही.

पुढच्या वर्षी सगळ्यांच्या रजा जुलैत जुळतायत. सूनबाईंना बाली हवंय, काकांच्या डोक्यात सामुई आहे, कारण जुलैत वारा उलट्या बाजूचा. मी म्हटलं, त्या महिन्यात दोन्हीकडे युरोपातली कुटुंबं असतात, निम्मे दर विसरा. निर्णय अजून झालेला नाही. जर्मनीच्या राज्यवार सुट्ट्यांची यादी मात्र काकांनी मागून घेतली आहे.