भात रांधायच्या आधीची मूठ

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत एक पद्धत आहे, बुहफाइ थाम म्हणतात तिला. स्वयंपाकाला तांदूळ काढले की घरातली बाई त्यातले मूठभर आधी वेगळ्या डब्यात टाकते आणि मगच बाकीचे शिजवायला घेते, रोज, प्रत्येक जेवणाला. मग चर्चच्या बायका घरोघरी जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकून आलेला पैसा मिशनच्या कामाला जातो. शंभराहून जास्त वर्षं चाललंय हे, आणि हे सुरू झालं तेव्हा तिथल्या लोकांकडे रोख पैसा फारसा नव्हताच, तांदूळ होते म्हणून तांदूळ दिले.

मला यात सगळ्यात जास्त काय भावतं सांगू, ती मूठ आधी निघते. आपलं बहुतेकांचं उलटं चालतं ना, ईएमआय, मुलांची फी, किराणा सगळं भागलं की मग बघू, आणि महिनाअखेरीला उरतं काय तर चर्चच्या थैलीत टाकायला सुट्टी नोट. येशूचा प्रेषित पौल, त्याने करिंथच्या मंडळीला, म्हणजे त्या शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रात सरळ सांगितलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवा, यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी. पहिल्या दिवशी! शेवटच्या नाही.

बायबलच्या जुन्या करारातही तेच आहे. त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात देव सांगतो, शेताच्या कडा पार कापू नका, सरवा म्हणजे कापणीत मागे पडलेलं धान्य वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. रूथ त्याच सरव्यावर जगली, मवाबी, परकी, वर विधवा, घरी म्हातारी सासू. पण त्या शेताचा मालक बवाज नियमाच्या पुढे गेला, त्याने गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम ओंब्या काढून तिच्यासाठी पडू द्या आणि तिला कोणी बोलू नका. म्हणजे पोट तर भरलंच पण हात पसरायची वेळ तिच्यावर आली नाही, आणि मला वाटतं द्यायचं तर असं द्यावं. हल्ली रेशनचं किट देताना लोक फोटो काढतात, घेणाऱ्याची मान खाली, देणारे कॅमेऱ्याकडे बघतायत, ते बघून खरंच वाईट वाटतं.

आमच्या नगरकडे हंगामाच्या सणाला लोक शेतातलं आणतात, ज्वारी, गहू, कोंबडी, अंडी, अगदी दोन जुड्या मेथी सुद्धा. उपासना झाली की लिलाव. एखादा भोपळा कोणीतरी घेतो आणि परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते, असं दोन-तीनदा होतं, आणि ज्या माउलीने तो वेलावरून काढून आणलेला असतो ती मागच्या रांगेत बसून सगळं बघत असते.

आमची परिस्थिती नाही हो द्यायची असं कोणी म्हणालं की मी मासेदोनियाच्या, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडच्या, मंडळ्यांबद्दल सांगते. अत्यंत गरीब होते ते लोक, वर छळ चालू, आणि तरी पौलाच्या मागे लागले की यरुशलेमेच्या गरिबांसाठीच्या या मदतीत आम्हालाही वाटा घेऊ द्या.