९८ टक्के आर्द्रता, तरी खिडकी उघडी

जुलैत आमच्या घरी दोनच वाद असतात. पंचगंगा किती फुटांवर आली, आणि माळ्यावरच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद. पहिल्याचं उत्तर बातम्यांत मिळतं. दुसऱ्यासाठी मी चार रात्री जागलो.

कारण गूळ. वर्षाचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, त्या खोलीत असतात आणि पावसाळ्यात त्यांना पाणी सुटतं. काकांचा नियम सरळ: पाऊस लागला की खिडकी बंद. गच्चीवर माझं छोटं हवामान केंद्र आहे, त्याचा कन्सोल, म्हणजे आकडे दाखवणारा डबा, याच खोलीत, आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर त्याच्या नोंदी ठेवणारं वीवेक्स हे सॉफ्टवेअर चालतं. त्याचा आकडा दाखवत काका म्हणाले, "अठ्ठ्याण्णव टक्के सांगतंय की तुझंच यंत्र, आणि उघड म्हणतोस?"

पण टक्के म्हणजे पाणी नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्यातली किती भरली आहे, एवढंच ते सांगतात. डिसेंबरातली एक नोंद बघा: पहाटे १४ अंश, ८५ टक्के, दुपारी ३० अंश, ३५ टक्के. हवा कोरडी पडली असं वाटतं ना? घनमीटरमागे पाणी पहाटे १०.२ ग्रॅम, दुपारी १०.६.

ही निरपेक्ष आर्द्रता. वीवेक्स दवबिंदू आपणहून काढतं, ही मात्र मला जोडावी लागली. पायथनची वीस ओळींची सर्व्हिस, म्हणजे वीवेक्सला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, पुरली. ६.११२ ला ई (२.७१८) या संख्येच्या घाताने गुणायचं. घात म्हणजे १७.६७ गुणिले तापमान, भागिले तापमान अधिक २४३.५. हा झाला संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा वाफेने पूर्ण भरली असतानाचा वाफेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये. त्याचे आर्द्रतेइतके टक्के घ्यायचे, २१६.७४ ने गुणायचं आणि केल्विनमधल्या तापमानाने भागायचं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून हवेचा दाबही घालावा लागेल अशी मला धास्ती होती. ग्रॅम प्रति घनमीटर काढायला तो लागतच नाही.

पहिलं उत्तर आलं २३४ ग्रॅम. घनमीटरभर हवेत जवळजवळ पाव किलो पाणी! सेन्सर गेला म्हणून मी छत्री धरून गच्चीवर जाऊन आलो. सेन्सर ठणठणीत. चूक माझीच होती. वीवेक्सचा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये अमेरिकी एककांत असतो. पडद्यावर २४ अंश दिसले तरी सर्व्हिसच्या हातात फॅरनहाइटमधले ७५.२ पडत होते, आणि मी ते सेल्सिअस समजून सूत्रात ढकलत होतो. आधी एकक बदलून घेतलं, आकडा २०.७ वर आला. पुढे आलेखात दिसण्यासाठी डेटाबेसला नवा रकाना जोडला, अर्थात आधी बॅकअप घेऊन.

गच्चीवरचा आणि खोलीतला, दोन्ही सेन्सर एक रात्र शेजारी शेजारी ठेवून जुळवूनही घेतले. स्वस्त सेन्सर दोन-तीन टक्के इकडेतिकडे करतात, आणि इथे सगळा खेळ एक-दीड ग्रॅमचा.

मग ती रात्र. बाहेर २२ अंश, ९८ टक्के: १९.० ग्रॅम. खोलीत २७ अंश, ८० टक्के: २०.६. म्हणजे पाणी आतच जास्त. असणारच, दोरीवर अख्ख्या घराचे ओले कपडे! मी खिडकी उघडली, कपडे खाली नेले. गूळ काही त्याने कोरडा झाला नाही. १९ ग्रॅम म्हणजे २७ अंशांना अजून ७४ टक्के होतातच. पण खोलीतला कोंदट वास गेला, एवढं काकांनी मान्य केलं.

चार दिवसांनी उघडीप मिळाली. छान ऊन पडलं, आणि काकांनी स्वतःच खिडक्या सताड उघडल्या. मी मोबाइल पाहिला. बाहेर २०.८, आत १९.०.

"काका, लावा ती खिडकी."

"आता ऊन पडलंय की रे!"