वाट पाहायला लावणारे जग

गेल्या काही महिन्यांत रात्री झोपण्यापूर्वी मी जवळजवळ एकाच प्रकारच्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत आलो आहे. त्यांचे कथानक दोन वाक्यांत सांगून होते. जपानमधला कुणी नोकरदार कामाच्या ओझ्याने किंवा आजारपणाने मरतो, दुसऱ्याच जगात जागा होतो, आणि तिथे राक्षसराजाशी लढायचे सोडून शेती करीत, रांधत किंवा छोटेसे दुकान चालवीत निवांत राहायचे ठरवतो. इसेकाई म्हणजे दुसरे जग, आणि त्यातल्या या शाखेला जपानी वाचक इंग्रजीतूनच उचललेले 'स्लो लाइफ' हे नाव देतात. यांतल्या कित्येक कथा २००४ साली सुरू झालेल्या 'शोसेत्सुका नि नारो' या संकेतस्थळावर हौशी लेखकांनी क्रमशः लिहिलेल्या असतात. पुढे त्यांचे लाइट नॉव्हेल, म्हणजे सोप्या भाषेतली सचित्र छोटी कादंबरी, होते आणि मग मांगा.

ज्या देशात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला 'करोशी' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो टाळण्यासाठी २०१४ साली कायदा करावा लागला, तिथल्या वाचकाला असे स्वप्न का पडावे हे समजावून सांगायची गरज नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. या कथांमधली काही जगे पहिल्या पंधरा पानांतच खरी वाटू लागतात आणि काही दहा खंडांनंतरही पुठ्ठ्याच्या देखाव्यासारखी राहतात, ते कशामुळे? बरेच दिवस मला वाटत होते की नकाशे, राजघराण्यांचा इतिहास आणि जादूचे काटेकोर नियम यांमुळे हा फरक पडत असावा. आता मात्र माझे मत असे झाले आहे की ते जग नायकाला वाट पाहायला लावते की नाही, यावरच सगळे ठरते.

'इसेकाई नोनबिरी नोका' ही या प्रकारातली बहुधा सर्वांत गाजलेल्या मांगांपैकी एक. दीर्घ आजारात मेलेल्या हिराकुला देव निरोगी शरीर देतो आणि हवे ते रूप घेणारे एक शेतीचे अवजार देतो. ते हाती असेपर्यंत तो थकत नाही, आणि त्याने खणलेल्या जमिनीत बियाणे न पेरताही मनात आणलेले पीक उगवते. या वरदानाबद्दल माझी तक्रार नाही. एक अशक्य गोष्ट वाचकाकडून सुरुवातीलाच मान्य करून घेण्याचा हक्क प्रत्येक अद्भुतकथेला असतो. खटकते ते एवढेच की शेतीमधला सगळा संथपणा नेमका ज्या गोष्टींत असतो, म्हणजे बी राखणे, पावसाची वाट पाहणे, निंदणी, राखण, मळणी, उफणणी, त्याच गोष्टी या अवजाराने पुसून टाकल्या आहेत. नाव निवांत शेतकऱ्याचे आणि कारभार मात्र 'पी हळद आणि हो गोरी' असा. तरीही मी ती आवडीने वाचतो हे कबूल केले पाहिजे, कारण घरे वाढतात, माणसे येऊन मिळतात, कोठारे भरतात आणि दिवसभराच्या दगदगीनंतर ते पाहणे सुखाचे असते. पण सुख वाटणे वेगळे आणि विश्वास बसणे वेगळे.

याच ठिकाणी थोडे हिशेबात शिरावेसे वाटते. या कथा ज्या मध्ययुगीन युरोपाचा पोशाख चढवतात, तिथे इंग्लंडसारख्या देशात पेरलेल्या गव्हाच्या एका मापामागे साधारण चार मापे हाती येत. म्हणजे चार पोत्यांतले एक पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवावे लागे आणि घरात कितीही ओढाताण असली तरी त्याला हात लावणे म्हणजे पुढच्या वर्षीची उपासमार ओढवून घेणे होते. उरलेल्या तीन पोत्यांत घरातल्यांची पोटे, जमीनदाराचा वाटा आणि चर्चचा दशमांश हे सगळे बसवायचे असे. अशा जगात कुणी एक परका माणूस येऊन वर्षातून तीनदा कोठार भरू लागला तर पंचक्रोशीत धान्याचा भाव पडेल, ज्यांच्याकडे विकायला तेवढेच एक पोते होते ते बुडतील आणि दशमांश गोळा करणारा तर सर्वांत आधी दारात येऊन उभा राहील. मांगांमध्ये बहुतेक वेळा शेजारी फक्त तोंडात बोटे घालतात. 'तोन्देमो स्किल दे इसेकाई होरो मेशी' या मांगेतला मुकोदा आपल्या विशेष शक्तीने जपानी ऑनलाइन सुपरमार्केटमधून सामान मागवतो आणि त्यासाठी त्या जगातली नाणी मोजतो, तेव्हा ती नाणी जातात तरी कुठे आणि असेच चालू राहिले तर त्या राज्यातले सोने हळूहळू आटणार नाही का, असा प्रश्न मला प्रत्येक जेवणाच्या प्रसंगी पडतो. ती मांगा मुळातच खाण्याची गंमत म्हणून लिहिलेली असल्याने हा प्रश्न तिच्यावर लादणे अन्यायाचे आहे, हेही खरे.

जपानी वाचक या बाबतीत आपल्यापेक्षा कमी चिकित्सक आहेत असे नाही. दगडी फरसबंदीचे रस्ते, लाकडी सांगाड्याची घरे, गावाभोवती गोल तट आणि चौकात साहसवीरांचा गिल्ड, म्हणजे संघ, असलेल्या या ठरीव जगाला त्यांनी त्या संकेतस्थळाच्या नावातला 'नारो' आणि युरोपासाठीचा जपानी शब्द 'योरोप्पा' हे जोडून 'नारोप्पा' असे नाव ठेवले आहे. बटाटा युरोपात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचला असताना मध्ययुगीन खानावळीत तो कसा, असे विचारीत फिरणाऱ्यांना तिथे थट्टेने 'बटाटा पोलीस' म्हणतात. त्या पोलिसांशी माझे जमत नाही. जग दुसरेच असेल तर तिथे बटाटा कोणत्याही शतकात उगवू शकतो. माझा प्रश्न असा की तो लावतो कोण, हिवाळ्यात तो कुठे साठवला जातो आणि त्याला कीड लागली तर गाव काय खाते. याचे एखादे उत्तर कथेत कुठेतरी असले, अगदी एका चौकटीच्या कोपऱ्यात तळघराचे दार काढलेले असले, तरी तो बटाटा त्याच मातीतला होतो.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरलेली कथा म्हणून मी 'होनझुकी नो गेकोकुजो' हिचे नाव घेईन. तिला स्लो लाइफ म्हणावे का, यावर वाद होऊ शकतो, कारण पुढे ती राजकारणाकडे वळते. पण सुरुवातीचा भाग इतका संथ आहे की संथपणा म्हणजे काय हे त्यावरून शिकावे. मिया काझुकी यांची ही कथा २०१३ ते २०१७ या काळात त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. पुस्तकांवाचून जगू न शकणारी एक तरुणी मेल्यावर एका पहारेकऱ्याच्या पाच वर्षांच्या आजारी मुलीच्या, माइनच्या, शरीरात जागी होते. त्या घरात एकही पुस्तक नाही आणि विकत घेणे स्वप्नातही शक्य नाही. मग पुस्तक स्वतःच तयार करावे म्हणून ती गवताचे तंतू विणून प्राचीन इजिप्तमधल्या पपायरस या कागदासारखे काही करू पाहते, आणि तळहाताएवढा तुकडा होईपर्यंत तिची शक्ती संपते. मातीच्या पाट्या भाजायला जाते, तर त्या फुटतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहायला घेते, तर आई त्या पट्ट्या चुलीत घालते.

तो चुलीचा प्रसंग मी किती वेळा उलटून पाहिला असेल! आईचे काहीही चुकलेले नाही. तिला वाचता येत नाही, घरात जळणाची चणचण आहे, आणि कोपऱ्यात वाळकी लाकडे रचून ठेवलेली आहेत. त्या जगाला नायिकेच्या ध्यासाशी काही देणेघेणे नाही, त्याचे स्वतःचे व्यवहार आधीपासून चालू आहेत, हे त्या एका कृतीत जेवढे कळते तेवढे इतिहासाच्या दहा पानी परिशिष्टातून कळणार नाही. युरोपात पंधराव्या शतकात छापलेल्या गुटेनबर्गच्या बायबलची चर्मपत्रावरची एक प्रत छापायला सुमारे १७० वासरांची कातडी लागली असावीत असा अंदाज आहे. पुस्तक महाग असणे म्हणजे काय, याची जाणीव ही मांगा असा एकही आकडा न सांगता करून देते.

पुढे ती मुलगी कागद करायला घेते, तेव्हाही ज्ञान असून भागत नाही. कृती तिला पाठ आहे, पण साल उकळायला मोठे भांडे हवे, राख हवी, चौकट हवी, आणि ज्या हातांनी हे करायचे ते हात लहानग्या मुलीचे आहेत. त्यासाठी शेजारचा मुलगा लुत्स हवा आणि पैसे घालणारा व्यापारी हवा; व्यापाऱ्याला नफा हवा, आणि नफा म्हटला की आधीपासून चर्मपत्र विकणाऱ्यांचे हितसंबंध आडवे येतात. प्रत्येक वस्तूला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला असतो, आणि त्या हातापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

मांगा या माध्यमात ही परीक्षा अधिकच कठीण होते, असे मला वाटते. कादंबरीकार 'तिने कागद वाळत घातला' असे लिहून मोकळा होतो, पण चित्रकाराला तो कशावर वाळत घातला हे काढावेच लागते. जिथे शेतकऱ्याची नखे शेवटपर्यंत स्वच्छ असतात आणि चुलीच्या वरचे छत कधी काळवंडत नाही, तिथे संवाद कितीही चांगले असले तरी माझे मन बसत नाही.

उलट टोकाचे उदाहरण म्हणजे अझुसा या चेटकिणीची मांगा. अतिश्रमाने मेलेली ही बाई अमर होऊन पठारावर राहते आणि दररोज पंचवीसेक स्लाइम, म्हणजे बुळबुळीत गोळ्यासारखे दुबळे राक्षस, मारीत तीनशे वर्षे घालवते. गुणाकार केला तर ही संख्या सत्तावीस लाखांच्या घरात जाते आणि तिची अफाट शक्ती मला लगेच पटते, कारण तिने ती दिवस मोजून कमावली आहे. पटत नाही ते पायथ्याचे गाव. तीन शतके उलटली तरी ते होते तसेच कसे राहिले? आपल्या इतिहासात १४०० ते १७०० या काळात छापखाना आला, तोफांपुढे किल्ले निकामी झाले आणि तो बहुचर्चित बटाटाही युरोपात येऊन रुजला.

माइनच्या नादाने मीही एका सुट्टीच्या दिवशी रद्दीचा कागद बादलीत भिजवून मिक्सरमधून त्याचा लगदा काढला आणि खिडकीच्या जुन्या जाळीवर पसरला. पहिल्या कागदात गुठळ्या राहिल्या. दुसरा सोलून काढताना फाटला. तिसरा दोन दिवसांनी वाळला, कडेने वळलेला आणि करडा, पण कागदच होता. नळाचे पाणी, वीज, जाळी आणि मुळात आधीच कुणीतरी तयार केलेला कागद, हे सगळे मला आयते मिळालेले असूनही एवढा वेळ लागला. मग मोठ्या उत्साहाने मी त्यावर शाईच्या पेनाने माझे नाव लिहायला घेतले, आणि पहिल्याच अक्षराची शाई चहूकडे फुटून त्याचा निळा डाग झाला. लिहिण्याच्या कागदाला खळ किंवा सरस लावावा लागतो, हे मी त्यानंतर शोधून वाचले. पुढचा लगदा भिजत घातला आहे.